डलिच: एका नटाने राखलेले गाव आणि त्यातले कलादालन

लंडनच्या दक्षिणेला, चेअरिंग क्रॉसपासून सुमारे आठ किलोमीटरवर डलिच नावाचे उपनगर आहे. नाव लिहिताना मधे ‘डब्ल्यू’ येतो, पण बोलताना तो गळून पडतो. ‘डलविच’ म्हटले तरी लोकांना समजते. ते स्वतः मात्र ‘डलिच’च म्हणतात. येथील डलिच पिक्चर गॅलरी हे कलादालन पाहण्यासाठी लोक सकाळी येतात, दोन तास चित्रे पाहतात, चहा घेतात आणि दुपारच्या गाडीने परत जातात. पहिल्या खेपेला मीही तेच केले, आणि परतताना मनाला एक रुखरुख लागून राहिली. इतक्या लहान गावात रेम्ब्रांट, पूसाँ आणि म्युरिल्यो अशा जुन्या युरोपीय चित्रकारांची चित्रे आली कोठून, आणि ती लंडनच्या मध्यभागी का नाहीत, हा प्रश्न तसाच राहिला होता. दुसऱ्या खेपेला पूर्ण दिवस हाताशी ठेवला आणि स्टेशनापासून जंगलापर्यंत सगळे गाव पायी पाहिले, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. म्हणून हे परीक्षण नुसत्या कलादालनाचे नाही; ते गावासकट कसे पाहावे, याचे आहे.

सुरुवात नॉर्थ डलिच स्टेशनापासून करावी. लंडन ब्रिजहून गाडी साधारण पाव तासात येथे पोचवते. १८६८ साली उघडलेली ही स्टेशनची इमारत धाकट्या चार्ल्स बॅरीची आहे. त्याचे वडील ब्रिटिश संसदभवनाचे वास्तुविशारद, आणि तो स्वतः डलिचच्या जमीनदारी संस्थेचा वास्तुविशारद व सर्वेक्षक होता. लाल विटांच्या भिंती आणि पुढे दगडी कमानींची ओसरी असे हे छोटे, नेटके स्टेशन आहे. रेल्वेला या गावातून जायचे असेल, तर पूल आणि स्टेशने डोळ्यांना बरी दिसली पाहिजेत, असा जमीनमालकांचा आग्रह होता. त्या आग्रहाचे फळ पहिल्या पावलालाच दिसते.

तेथून उतरत गेले की ‘डलिच व्हिलेज’ लागते. हे गावाचे आणि त्याच्या मुख्य रस्त्याचेही नाव आहे. रस्ता रुंद आहे. कडेला गवताचे पट्टे, त्यांच्याभोवती पांढऱ्या खुंट्या आणि साखळ्या, वर चेस्टनटची जुनी झाडे, आणि नाक्यावर बोटासारखे हात पसरलेले पांढरे लाकडी दिशादर्शक खांब. अठराव्या शतकातील विटांची घरे अजून राहती आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा देखावा पर्यटकांसाठी मांडून ठेवल्यासारखा वाटण्याची शक्यता आहे. तो तसा नाही. येथे शाळा सुटते, लोक पाव घेतात, पोस्टात जातात. गाव असे टिकले यामागे चारशे वर्षांपूर्वीचा एक व्यवहार आहे.

डलिचचा पहिला लेखी उल्लेख ९६७ सालच्या, एडगर राजाच्या दानपत्रात येतो. नावाचा अर्थ शेपू उगवते ते ओलसर कुरण, असा लावतात. शेपूच्या भाजीवरून ओळखले जाणारे गाव आज लंडनमधील महागड्या वस्त्यांत मोडते, हे वाचून मला मोठी गंमत वाटली. ११२७ मध्ये पहिल्या हेन्रीने हे गाव बर्मंडसीच्या मठाला दिले. चारशे वर्षे ते मठाकडे राहिले, आणि आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर कॅल्टन नावाच्या घराण्याकडे गेले. त्या घराण्याकडून १६०५ मध्ये एडवर्ड ॲलनने जमीनदारी विकत घेतली. तेव्हापासूनचा डलिचचा इतिहास या एका माणसाच्या इच्छेभोवती फिरतो.

ॲलन नट होता. १५६६ चा जन्म, एलिझाबेथ राणीच्या काळातील लंडनच्या रंगभूमीवरचा आघाडीचा नायक, आणि व्यवहारात पक्का. त्याचे सासरे फिलिप हेन्स्लो नाट्यगृहांचे मालक होते. जावई-सासऱ्यांनी मिळून रोझ आणि फॉर्च्यून ही नाट्यगृहे चालवली, अस्वलांच्या झुंजींचा धंदाही केला आणि राजाकडून त्या खेळांच्या प्रमुखाचे पद मिळवले. त्या काळी नटाला समाजात मान बेताचाच असे. अशा माणसाने एक अख्खे गाव विकत घ्यावे, ही साधी गोष्ट नव्हती. मूलबाळ नसल्यामुळे त्याने सगळी संपत्ती धर्मादायाला लावायचे ठरवले. बारा गरीब मुलांचे शिक्षण आणि सहा वृद्ध पुरुष व सहा वृद्ध स्त्रिया यांचा सांभाळ करणारी संस्था त्याने योजली, आणि तिला ‘ईश्वराच्या देणगीचे महाविद्यालय’ असे नाव दिले. एवढी जमीन धर्मादायात गेली तर राजाच्या उत्पन्नाला खोट बसेल, या विचाराने लॉर्ड चॅन्सलर फ्रान्सिस बेकनने आढेवेढे घेतले, तरी २१ जून १६१९ रोजी संस्था अधिकृतपणे स्थापन झाली. संस्थेचे प्रमुख, म्हणजे मास्टर आणि वॉर्डन, हे ‘ॲलन’ आडनावाचेच असावेत, अशी अट त्याने घातली होती, आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाळली गेली. एका जागेसाठी आधी आडनाव पाहायचे आणि मग लायकी, ही अट आज चमत्कारिक वाटते. तरी याच परंपरेतल्या जेम्स ॲलन नावाच्या मास्टरने १७४१ मध्ये गावातील गरीब मुलामुलींसाठी शाळा काढली. पुढे ती मुलींची नामवंत शाळा झाली.

रस्त्याच्या मधोमध नाक्यावर एक लहान दफनभूमी आहे. तिचे फाटक बंद असते, पण जाळीतून आत पाहता येते. ॲलनच्या काळात, १६१६ मध्ये, तिच्या पवित्रीकरणाचा विधी झाला. प्लेगने गेलेले गावकरी येथे आहेत, आणि १७६८ मध्ये पुरलेली, नॉरवुडच्या जिप्सींची राणी म्हणून ओळखली जाणारी म्हातारी ब्रिजेटही. कलादालनाच्या घाईत असलेले लोक येथे थांबत नाहीत. मी थांबलो, आणि थडगी झिजून अक्षरे पुसली आहेत तेथे बोट फिरवावेसे वाटले. पण जाळी मध्ये होती.

थोडे पुढे ॲलनच्या संस्थेचे जुने कॉलेज लागते: तीन बाजूंनी बसकी पांढरी इमारत, मध्ये हिरवळ, वर घड्याळाचा मनोरा. तिच्यातील चॅपेलमध्ये ॲलनची कबर आहे. आतील ऑर्गन जॉर्ज इंग्लंड या कारागिराने १७६० मध्ये बांधलेला आहे. चॅपेल रोज उघडे नसते. वेळ आधी पाहून यावे. या कॉलेजला पाठ लावून, बागेच्या पलीकडे कलादालन उभे आहे, आणि येथेच माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग सुटला.

नोएल देझाँफाँ हा फ्रान्समधून आलेला चित्रांचा व्यापारी आणि फ्रान्सिस बूर्झ्वा हा त्याचा सहकारी चित्रकार, या दोघांना १७९० मध्ये पोलंडच्या राजाने, स्तानिस्वाव्ह ऑगस्ट पोन्यातोव्स्कीने, देशासाठी चित्रांचा राजसंग्रह जमवण्याचे काम दिले. पाच वर्षे दोघांनी युरोपभर फिरून खरेदी केली. १७९५ मध्ये पोलंडची शेवटची फाळणी झाली, देश नकाशावरून पुसला गेला, राजाने गादी सोडली, आणि चित्रे घ्यायला कोणी उरले नाही. दोघांनी काही चित्रे विकली, काही नवी घेतली, आणि संग्रह घरातच ठेवला. देझाँफाँ १८०७ मध्ये वारला. १८११ मध्ये बूर्झ्वा मृत्युशय्येवर असताना त्याने सगळी चित्रे डलिचच्या कॉलेजला दिली. ती लोकांना पाहता यावीत, आणि इमारत आपला मित्र, वास्तुविशारद सर जॉन सोन याने बांधावी, अशी त्याची इच्छा होती. एका नटाने उभारलेल्या, जमीन आणि उत्पन्न दोन्ही असलेल्या संस्थेकडे ती गेली, म्हणून ती लंडनच्या मध्यभागी नाहीत. दालन १८१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. लंडनची नॅशनल गॅलरी स्थापन व्हायला आणखी सात वर्षे होती.

आता इमारतीविषयी. बाहेरून ती इतकी साधी आहे की एखाद्याला कोठार वाटेल. पिवळसर विटा, बंद कमानी, खांब-पुतळ्यांचा थाट जवळजवळ नाहीच. सोनने सारे लक्ष आतील उजेडावर दिले. एकामागून एक दालने सरळ रेषेत, मध्ये मोठ्या कमानी, आणि वर छतात काचेचे उंच, कंदिलाच्या आकाराचे झरोके. भिंतींना खिडक्या नाहीत, म्हणून चित्रे लावायला सगळी भिंत मिळते. ऊन थेट कॅनव्हासवर पडत नाही, ते छताला आपटून मवाळ होऊन खाली उतरते. पुढे जगभर बांधलेल्या कलादालनांनी ही युक्ती उचलली. मी गेलो त्या दिवशी बाहेर ढगांचा खेळ चालला होता. ढग सरकला की लाल भिंतींचा रंग क्षणभर उजळायचा, चित्रातल्या माणसांचे चेहरे जरा पुढे यायचे, आणि पुन्हा मागे जायचे. विजेच्या दिव्यांखाली हे कधीच घडत नाही. म्हणून माझी पहिली शिफारस अशी, की येथे दिवसा, भरपूर उजेड असताना जावे, आणि हिवाळ्यात जायचे तर सकाळीच.

दालनांच्या पश्चिमेला समाधिघर आहे. देझाँफाँ, त्याची पत्नी मार्गारेट आणि बूर्झ्वा तिघेही तेथे पुरलेले आहेत. त्यात उतरणारा उजेड पिवळ्या काचांतून येतो. चित्रांच्या स्वच्छ उजेडातून चार पावले टाकली की माणूस एकदम संध्याकाळच्या रंगात येऊन उभा राहतो. ज्यांनी चित्रे दिली ते त्यांच्या शेजारीच राहिले आहेत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यापर्यंत जाता येते. दात्याचा असा सन्मान मी दुसऱ्या कोणत्याही संग्रहालयात पाहिलेला नाही. जुलै १९४४ मध्ये जर्मन उडत्या बॉम्बने या भागाची मोठी हानी केली. इमारत पुन्हा उभारून १९५३ मध्ये खुली झाली, आणि जोडकाम कुठेही डोळ्यांना खुपत नाही.

संग्रहात पूसाँ, रुबेन्स, व्हॅन डाइक, कॅनालेट्टो, वातो, गेन्सबरो सगळे आहेत. प्रत्येकापुढे थांबायला दिवस पुरणार नाही, आणि तसे करूही नये. मी दोन चित्रांपुढे बराच वेळ घालवला, आणि दोन्ही रेम्ब्रांटची आहेत.

पहिले १६४५ मधील, खिडकीशी रेललेल्या मुलीचे. दुरून ती जिवंत वाटते. जवळ गेल्यावर कळते की रेम्ब्रांटने ते कसे साधले. तिचा पांढरा सदरा जाड रंगाच्या फटकाऱ्यांनी केलेला आहे, काही ठिकाणी रंग उंचवटा धरून सुकला आहे, आणि त्या उंचवट्यांवर छतातला खरा उजेड पडतो. एक हात दगडी कठड्यावर टेकलेला, दुसऱ्या हाताची बोटे गळ्यातल्या साखळीशी चाळा करणारी. गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर लाली. ही मोलकरीण की शेजारची पोर, याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. समोर उभे राहिल्यावर मला तो प्रश्न पडलाच नाही.

दुसरे चित्र १६३२ मधील, याकोब दे खाइन याचे, लाकडी फळीवर रंगवलेले. वहीच्या पानाएवढे, सुमारे तीस बाय पंचवीस सेंटिमीटर. हा लहान आकारच त्याला नडला. १९६६ पासून १९८३ पर्यंत ते चार वेळा चोरीला गेले आणि चारही वेळा सापडले. पहिल्या चोरीत त्याच्याबरोबर इतर चित्रेही गेली होती. शेवटच्या चोरीनंतर ते १९८६ मध्ये जर्मनीतील एका रेल्वे स्टेशनावर, सामान ठेवण्याच्या जागी मिळाले. ही चोरीची हकीकत सगळे सांगतात. मला मात्र त्यामागची दुसरी गोष्ट अधिक भावते. दे खाइन आणि त्याचा मित्र मॉरिट्स हाउखन्स या दोघांनी रेम्ब्रांटकडून जोडीने, सारख्या मापाची चित्रे काढून घेतली होती, आणि मृत्यूच्या वेळी दे खाइनने आपले चित्र मित्राला दिले. आज मित्राचे चित्र हॅम्बर्गमध्ये आहे आणि हे डलिचमध्ये. चेहऱ्यावरची ती किंचित बाजूला वळलेली नजर कोणाकडे होती, हे कळले की चित्र वेगळे दिसू लागते.

दालनात एक निरीक्षक खुर्चीवर बसलेल्या होत्या. मी त्या चित्रापाशी दुसऱ्यांदा आलो तेव्हा त्यांनी आपण होऊन चित्राविषयी दोन शब्द सांगितले, आणि कोपऱ्यातल्या बाकावरून ते अधिक चांगले दिसते असे सुचवले. ते खरेच होते. दालन लहान असल्याचा हा फायदा. गर्दीचे लोंढे नाहीत, बसायला जागा आहे, आणि माणूस माणसाशी बोलतो. याउलट, मी फोनवर पैसे भरून घेतलेले गावाच्या फेरीचे एक मार्गदर्शक ॲप निरुपयोगी ठरले. त्यातील आवाज मला भलत्याच रस्त्यावर वळवत राहिला, आणि पुढे येणाऱ्या टोलनाक्याला त्याने मध्ययुगीन ठरवून टाकले. कोणी असे काही घेणार असेल, तर त्याऐवजी साधा नकाशा छापून न्यावा.

कलादालनातून बाहेर पडून कॉलेज रोडने दक्षिणेकडे गेले की १७६७ मधील बेल हाउस लागते, मग गिरणीचे तळे, आणि मग लाल विटांचे व मातीच्या भाजीव नक्षीचे नवे डलिच कॉलेज. १८६० च्या दशकात संस्थेच्या जमिनीतून रेल्वे गेली, तिच्या भरपाईचे पैसे मिळाले, आणि त्यांतून धाकट्या बॅरीने ही भव्य इमारत बांधली. ती १८७० मध्ये उघडली. ध्रुवप्रदेशांचा शोधक अर्नेस्ट शॅकल्टन येथेच शिकला. १९१६ मध्ये त्याने ज्या उघड्या नावेतून एलिफंट बेटापासून साउथ जॉर्जियापर्यंत सुमारे आठशे मैल कापले, ती ‘जेम्स केअर्ड’ ही नाव कॉलेजात जपून ठेवली आहे. ती पाहायची तर आधी कळवून जावे लागते.

गावाचे उपनगर होणे याच काळात सुरू झाले. १८५४ मध्ये क्रिस्टल पॅलेस हा काच-लोखंडाचा प्रदर्शन-महाल जवळच्या सिडनम टेकडीवर आणून उभा केला गेला, बंगले आले, मग गाड्या आल्या, आणि पूर्व डलिचच्या शेतांत थोड्याच वर्षांत चाळींसारख्या रांगांनी घरे भरली. गावाचा गाभा मात्र एका संस्थेच्या मालकीचा होता. तिने जमीन विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली, आणि कोठे काय बांधायचे हे स्वतः ठरवले. म्हणून मैदाने राहिली, जंगलाचा तुकडा राहिला. १९६७ च्या कायद्याने भाडेकरूंना जमीन विकत घेण्याचा हक्क दिल्यावर संस्थेने न्यायालयाकडून व्यवस्थापनाची योजना मंजूर करून घेतली. आजही घराचे बाह्यरूप बदलायचे किंवा झाड तोडायचे, तर घरमालकाला परवानगी मागावी लागते. ज्यांना स्वतःच्या अंगणातल्या झाडासाठी अर्ज करावा लागतो त्यांना हे जाचक वाटत असणार, आणि त्यांची बाजू मला समजते. पण ही शिस्त नसती, तर पाहायला येण्यासारखे येथे काही उरले असते का, याची मला शंका आहे.

कॉलेजच्या पुढे टोलनाका आहे, लंडनमध्ये अजून चालू असलेला शेवटचा. १७८९ मध्ये जॉन मॉर्गन नावाच्या माणसाने आपल्या शेतांकडे जाणारा रस्ता केला आणि वापरणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. जुन्या दरांचा फलक तेथे अजून आहे. त्यावर घोडा, खेचर आणि गाढव यांचे दर आहेत, मेंढ्या आणि डुकरे विसाच्या हिशेबाने. मोटारींना आजही थांबून पैसे द्यावे लागतात. पायी जाणाऱ्याला काही लागत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. कलादालन सोमवारी बंद असते, आणि विशेष प्रदर्शन चालू असेल तर तिकीट आधी काढलेले बरे. चालण्याचे बूट घालावेत, कारण शेवटचा टप्पा चिखलाचा आहे.

तो टप्पा म्हणजे डलिच आणि सिडनम टेकडीचे जंगल, एके काळच्या मोठ्या ‘नॉर्थ वुड’चा उरलेला भाग, नॉरवुड हे नाव त्यावरूनच आले. कॉक्स वॉक या जुन्या ओकच्या वाटेने चढत गेले की एक पादचारी पूल लागतो. १८७१ मध्ये, फ्रान्स आणि प्रशियाच्या युद्धामुळे लंडनला आलेल्या कामीय पिसारोने येथून लॉर्डशिप लेन स्टेशनाचे चित्र काढले: मध्ये रूळ, समोरून येणारे इंजिन, दोन्ही बाजूंना उघडी माळजमीन आणि दूर नुकतीच उठलेली घरे. ते चित्र आता लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. क्रिस्टल पॅलेस १९३६ च्या नोव्हेंबरात जळाला, आणि पुलाखालून जाणारा हा रेल्वेचा फाटाही १९५४ मध्ये बंद झाला. मी पुलावर उभा राहून चित्रातले रूळ शोधू लागलो. खाली ओक आणि हॉर्नबीमची दाट झाडी होती, पानांतून एक पाऊलवाट जात होती, आणि तिच्यावरून एक बाई कुत्र्याला घेऊन, पिसारोचे इंजिन जेथून आले त्याच दिशेने येत होती.